आकडा एकच, कारणं चार

२४ एप्रिल २०२१, शनिवार

दादाचं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा) आज १.९ आलं. कोरोना होण्याआधी १.३ च्या आसपास असायचं. वहिनीनं रिपोर्ट पाठवला, सोबत ऑक्सिजन ९५ असल्याचंही कळवलं. सध्या अख्खं पुणं ऑक्सिमीटरकडे डोळे लावून बसलंय. आमच्या घरात मात्र दोन आकड्यांवर जीव टांगलेला आहे.

दादाच्या पोटात आईची किडनी आहे. शरीरानं ती नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस (आमच्या बोलण्यात ‘टॅक्रो’), मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, या गोळ्या रोज चालू असतात. प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवायची, आणि विषाणूशी लढायला नेमकी तीच हवी! डॉक्टरांनी मायकोफेनोलेट लगेच थांबवलं, टॅक्रो चालू ठेवलं. स्टेरॉइड अचानक बंद करताच येत नाही. आई सारखी फोन करून विचारते, ‘‘गोळी बंद केली तर किडनीला काही होणार नाही ना?’’ तिनं नाही विचारायचं तर कुणी?

त्यात परवापासून जुलाब. अंगातलं पाणी कमी झालं की क्रिएटिनिन चढतं. शिवाय जुलाबात टॅक्रो रक्तात जास्त शोषलं जातं, आणि लेव्हल वाढली की तेच औषध किडनीला त्रास देतं. म्हणजे हा १.९ पाणी कमी झाल्यामुळे, टॅक्रोमुळे, खुद्द कोरोनामुळे की रिजेक्शनची, म्हणजे शरीर किडनी नाकारू लागल्याची, सुरुवात म्हणून? टॅक्रो जास्त झालं असेल तर डोस कमी करायचा, रिजेक्शन असेल तर उलट औषधं वाढवायची. डॉक्टर घाईनं काही ठरवत नाहीत, याचाच मला धीर वाटतो.

सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारं गोळ्यांचं ‘किट’ एका काकांनी प्रेमानं दाराशी आणून ठेवलं. वहिनीनं ते उघडलंसुद्धा नाही. तापाला फक्त पॅरासिटामॉल. बाकी नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, विचारल्याशिवाय काहीही नाही.

दादा ४१ चा, त्यामुळे लशीचा नंबर अजून लागलेला नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी मार्चमध्ये ४३६ ट्रान्सप्लांट रुग्णांची पाहणी छापली. तिथल्या एमआरएनए प्रकारच्या लशीच्या पहिल्या डोसनंतर फक्त १७ टक्क्यांमध्ये अँटीबॉडी सापडल्या. म्हणजे लस घेतल्यावरही त्याचा मास्क सुटणार नाही, आणि त्याच्याभोवती वावरणाऱ्या आम्ही सगळ्यांनी लस घेतलीच पाहिजे. १ मेपासून १८ वर्षांवरच्यांना मिळणार आहे. मी नाव नोंदवणार.

उद्या सकाळी टॅक्रो लेव्हलसाठी रक्त द्यायचंय. लॅबवाला आठला येईल. सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची, हे वहिनीला माहीत आहे. तरी मेसेज टाकून ठेवला.