घरातली पाककृती लिहून घेताना

‘मीठ किती?’ असं आजीला विचारलं की ‘चवीपुरतं’ एवढंच उत्तर येतं. त्यात लपवाछपवी नसते. वर्षानुवर्षं रोज केलेली गोष्ट हाताला माहीत असते, ती शब्दांत सांगायची वेळच कधी आलेली नसते. त्यामुळे नुसतं विचारून लिहिलेली पाककृती हमखास अपुरी उतरते. ती बघून आणि मोजून लिहावी लागते. ज्यांच्या हाताला ती चव आहे ते ओट्यापाशी उभे राहू शकतात तोवरच हे जमतं, म्हणून पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

मोजायचं कसं? चिमटीतला मसाला मध्येच अडवून काट्यावर ठेवायला लावलं की हात बुजतो आणि प्रमाण बदलतं. त्याऐवजी डब्यांचं वजन करा. लागणारे सगळे डबे, बरण्या, तेलाचं भांडं, पाण्याचा तांब्या आधी काट्यावर ठेवून आकडे लिहून घ्या. मग करणाऱ्यांना नेहमीसारखं करू द्या. शेवटी पुन्हा वजन करा, जो फरक येईल ते प्रमाण. पीठ, तेल, पाणी यांना १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा पुरतो. मसाले, सोडा, यीस्ट यांना मात्र ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. २ ग्रॅमच्या जिन्नसात १ ग्रॅमची चूक म्हणजे निम्म्याने चूक. दोन गोष्टी वजा करायच्या राहून जातात: लाटताना लावलेलं पण उरलेलं पीठ आणि तळून झाल्यावर कढईत राहिलेलं तेल.

वहीत ‘एक वाटी’ लिहिलं असेल तर ती वाटी शोधा. काठोकाठ पाणी भरा आणि त्या पाण्याचं वजन करा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. तरीही पिठाला हे माप दगा देतं, कारण एकाच वाटीत हलक्या हाताने भरलेलं आणि दाबून भरलेलं पीठ यांत सहज २० टक्के फरक पडतो. मिठाचं तर विचारूच नका. बारीक मिठाचा ५ मिलीचा चमचा साधारण ६ ग्रॅम भरतो, जाड मिठाचा बराच कमी. जाड मीठ वापरणाऱ्या आजीची कृती बारीक मीठ घेऊन चमच्याला चमचा केली तर पदार्थ खारट होणारच. मीठ नेहमी वजनात लिहा. औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, पौंड म्हणजे ४५४. ‘एक पाकीट’ असं लिहिलेलं असेल तर तेव्हा ते किती ग्रॅमचं होतं तेही विचारून घ्या, पाकिटांचे आकार बदलत राहतात.

एका बैठकीत हे काम होत नाही, निदान तीन लागतात. पहिल्यांदा फक्त बघा आणि मोजा. फोन असा टेकवा की हात आणि भांडं दिसेल. चेहरा आला नाही तरी चालेल, आवाज मात्र यायला हवा. दुसऱ्यांदा तुम्ही करा आणि त्यांना खुर्चीवर बसवा, हात लावू देऊ नका. खरी कृती इथे बाहेर पडते. ‘थांब, अजून कच्चं आहे’, ‘आच कमी कर’, ‘आता पाणी नको’, असं त्यांचं प्रत्येक टोकणं जसंच्या तसं लिहा आणि त्या क्षणी भांड्यात काय दिसत होतं तेही लिहा. तिसऱ्यांदा लिहिलेलं समोर ठेवून एकट्याने करा. कागद कुठे गप्प आहे ते तेव्हा कळतं.

मिनिटांवर भिस्त का ठेवू नये, हे कांदा परतताना नीट दिसतं. कांद्यात जवळपास ९० टक्के पाणी असतं. ते निघून जाईपर्यंत कांद्याचं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं. १४०च्या पुढे गेला की भराभर तांबूस होऊ लागतो. सुरुवातीला चर्र असा भरगच्च आवाज येतो, पाणी संपत आलं की तो बारीक तडतडीवर येतो, उग्र वास गोडसर होतो आणि कडेला तेल दिसू लागतं. इथून पुढे भांड्यापासून हलायचं नाही, कारण तांबूस आणि करपलेला यांत फार वेळ जात नाही. त्याच भांड्यात दुप्पट कांदा घातला तर वाफ कोंडते, कांदा परतण्याऐवजी शिजतो आणि वेळ दुपटीहून जास्त लागतो. म्हणून कृतीत भांड्याची रुंदी, कांद्याचं वजन, आच आणि या खुणा लिहा. मिनिटं शेवटी, कंसात.

हीच गोष्ट पाण्याची. प्रमाण दुप्पट केलं की पाणी सरळ दुप्पट करू नये. वाफ भांड्याच्या तोंडाच्या रुंदीनुसार उडते, आतल्या मालानुसार नाही. कणीक भिजवताना शेवटचे दोन चमचे पाणी हातचं राखावं. पीठ जुनं, नवं, जाड, बारीक कसं आहे त्यावर ते लागेल किंवा लागणार नाही.

टिकाऊ पदार्थांत मात्र मनाने फेरफार नको. लोणच्यातलं मीठ, आंबटपणा आणि तेल चवीबरोबर टिकण्यासाठीही असतं. ‘कमी मिठाचं बरं’ म्हणून ते घटवलं की बुरशी येते, माल नरम पडतो. मिठात आंबवलेल्या भाज्यांना भाजीच्या वजनाच्या २ ते २.५ टक्के मीठ हे नेहमीचं प्रमाण आहे. आणि कच्चा लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवायची सवय घरात कितीही जुनी असली तरी सोडून द्या. हवा नसलेल्या आणि आंबट नसलेल्या जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढून विष तयार करू शकतात, आणि वासावरून ते कळत नाही. असं तेल लागेल तेवढंच करावं, फ्रिजमध्ये ठेवावं आणि दोन-चार दिवसांत संपवावं.

जुनी वही असेल तर दिवसाउजेडी प्रत्येक पानाचे फोटो काढा, डागांसकट आणि समासातल्या खाडाखोडीसकट. चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते. लॅमिनेशनही नको, ते परत सोडवता येत नाही.

आई आणि मावशी एकच पदार्थ वेगवेगळा करत असतील तर दोन्ही कृती स्वतंत्र पानांवर, ज्यांची त्यांच्या नावाने लिहा. मधलं प्रमाण काढायला जाऊ नका. तुम्ही स्वतः काही बदललंत तर मूळ आकडा खोडू नका. शेजारी नवा आकडा, तारीख आणि बदलण्याचं कारण लिहा.