हॉकिन्स

एका हातात गोधडी, दुसऱ्यात मेतकुटाची बरणी. मागून लेक म्हणाली, "आई, या हॉलला ज्याचं नाव आहे ना, तो विकलेला माणूस होता."

मी दारातच थांबले.

वॉशिंग्टनचं जॉर्जटाऊन, जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाचं विद्यापीठ. तिला हॉस्टेल मिळालं ते आयझॅक हॉकिन्स हॉल. मला आपलं वाटलं, असेल कुणी देणगीदार. आपल्याकडे नाही का, देवळातल्या पंख्यावरसुद्धा 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'!

१८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइटांनी २७२ गुलाम विकले, लुइझियानाच्या मळ्यांसाठी. त्यातला काही पैसा कॉलेजचं कर्ज फेडायला गेला. करारात पहिलं नाव आयझॅक, वय ६५. पासष्ट! माझे बाबा त्या वयात नातवंडांना शाळेत सोडायचे.

या इमारतीला आधी नाव होतं मलेडी, म्हणजे ती विक्री करणाऱ्या पाद्र्याचंच. २०१५ मध्ये पोरं धरणं धरून बसली, तेव्हा ते उतरलं. २०१७ मध्ये आयझॅकचं लागलं.

लेक सामान लावत होती आणि माझ्या डोक्यात आजोळचा वाडा. त्याला अजून पणजोबांचंच नाव आहे. तिथे जन्मभर राबलेला एक गडी होता, ल्हानू. एवढंच आठवतं. आडनाव?

रात्री आईला फोन केला. ती बराच वेळ गप्प.

"अगं, त्याला सगळे ल्हानूच म्हणायचे."