छप्पन्न पेंडोलिनो आणि क्रूचा फलाट

इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या मुख्य मार्गावर धावणाऱ्या पेंडोलिनो गाड्या एकूण छप्पन्न. लंडनहून मँचेस्टर, लिव्हरपूल, ग्लासगोकडे जाणाऱ्या, वळण आलं की एका अंगाला कलणाऱ्या विजेच्या गाड्या. त्या सगळ्याच्या सगळ्या स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या, क्रमांक वहीत उतरवायचा आणि छापील यादीत त्याच्याखाली रेघ ओढायची, असं मी ठरवलं. इथले स्पॉटर, म्हणजे गाड्यांचे क्रमांक टिपणारे हौशी लोक, याला 'क्लास क्लिअर करणं' म्हणतात. क्लास म्हणजे एकाच प्रकारच्या गाड्यांचा किंवा इंजिनांचा गट. मी मूळची कल्याणची. पुलावर थांबून इंजिनं बघण्यात मला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. पण यादी हातात घेऊन, ती संपवायच्या इराद्यानं उभं राहणं हा प्रकार वेगळा निघाला.

ही हौस या देशात जुनी आहे. वॉटर्लू स्टेशनजवळच्या सदर्न रेल्वेच्या कचेरीत इयन ॲलन नावाचा एक तरुण कारकून होता. इंजिनांची माहिती विचारणारी पत्रं सारखी येत, म्हणून १९४२ साली त्यानं इंजिनांच्या क्रमांकांची पुस्तिकाच काढली. युद्ध चालू असताना ती हातोहात खपली आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांची पोरं रेघा ओढत वाढली. फलाटाच्या टोकाला आज जे पांढऱ्या केसांचे लोक थर्मास घेऊन बसलेले दिसतात, ती तीच पोरं.

उभं राहायला मी क्रू हे याच मार्गावरचं जंक्शन निवडलं, कारण तिथून सहा दिशांना रूळ फुटतात. १८३७ साली स्टेशन आधी आलं आणि गाव त्याच्याभोवती नंतर वसलं. बारा फलाट आहेत. मी शेजारच्या गावाहून गाडीनंच यायची, त्यामुळे फलाटावर शिरायला वेगळं तिकीट लागलं नाही. आल्याबरोबर स्टेशनच्या माणसांना 'मी गाड्या बघायला आलेय, इतके वाजेपर्यंत थांबेन' असं सांगून ठेवायचं, हा इथला शिरस्ता. मला तो फार आवडला. आपल्याकडे फलाटावर कॅमेरा बाहेर काढला की कोण येऊन काय विचारेल याची धाकधूक असते. इथे फोटोला बंदी नाही, पण नियम पक्के आहेत. फ्लॅश मारायचा नाही, कारण ड्रायव्हरचे डोळे दिपतात. पिवळ्या रेघेच्या आत राहायचं, ट्रायपॉडचे पायसुद्धा आतच हवेत, आणि गर्दीत तोही लावू देतीलच असं नाही. रेल्वे कामगारांसारखं भडक चमकणारं जाकीट घालायचं नाही, नाहीतर ड्रायव्हरला वाटेल की फलाटावर आपलाच माणूस उभा आहे. मी गडद निळा कोट घालून जायची.

सुरुवातीला जे येईल ते नवंच असतं. एका दुपारी भराभर रेघा पडल्या आणि मला वाटलं, हे काय, महिन्याभरात उरकेल. खरी मेख क्रमांक वाचण्यात होती. गाडीचा क्रमांक सहा आकडी, ३९० नं सुरू होणारा. थांबणाऱ्या गाडीचा निवांत वाचता येतो. ग्लासगोच्या काही गाड्या क्रूला न थांबता जातात, तेव्हा नाकावरचा बारीक क्रमांक डोळ्यांसमोरून कधी गेला ते कळत नाही. शेजारी एक आजोबा रेकॉर्डर तोंडाशी धरून क्रमांक पुटपुटायचे आणि घरी जाऊन ते वहीत उतरवायचे. त्यांनीच मला सांगितलं, "नाकाकडे बघू नकोस, डब्याकडे बघ." पेंडोलिनोच्या प्रत्येक डब्याला स्वतःचा पाच आकडी क्रमांक असतो आणि त्याचे शेवटचे दोन आकडे गाडीच्या शेवटच्या दोन आकड्यांशी जुळतात. चव्वेचाळीस क्रमांकाच्या गाडीच्या दोन टोकांचे डबे ६९१४४ आणि ६९२४४, मधल्यांच्याही शेवटी ४४ च. म्हणजे एक संधी हुकली तरी मागून आणखी आठ किंवा दहा डबे येतातच. त्यानंतर माझ्या हातून गाडी सुटली नाही.

यादीत ३३ क्रमांक नाही. २३ फेब्रुवारी २००७ च्या रात्री कम्ब्रियातल्या ग्रेरिगजवळ सदोष पॉइंटवरून, म्हणजे रूळ बदलण्याच्या सांध्यावरून, ती गाडी घसरली, एका वृद्ध प्रवासी बाईंचा जीव गेला आणि गाडी पुन्हा रुळावर आली नाही. मूळच्या त्रेपन्न गाड्या, त्यातली ही वजा आणि नंतर आलेल्या चार, असे छप्पन्न. आजोबांच्या जुन्या पुस्तकात ३३ खाली रेघ आहे. आता कोणालाच ती मिळणार नाही, असं ते थोड्या तोऱ्यानं म्हणाले.

मग मी वेळापत्रक वाचायला शिकले, आणि मला विचाराल तर या सगळ्या उद्योगातली खरी मजा तिथे आहे. प्रत्येक गाडीला चार खुणांचा संकेत असतो: आकडा, अक्षर, मग दोन आकडे. पहिला आकडा १ असेल तर जलद प्रवासी गाडी, २ म्हणजे साधी, ५ म्हणजे रिकामा रेक (रेक म्हणजे डब्यांची अख्खी जोडलेली गाडी), ० म्हणजे नुसतं इंजिन, ४ आणि ६ या मालगाड्या. फोनवर रिअलटाइम ट्रेन्स हे ॲप उघडलं की कुठली गाडी किती मिनिटं आधी-मागे आहे ते दिसतं, आणि पुष्कळ गाड्यांना कोणता रेक लागलाय तेही. आजोबांच्या पिढीतले काही जण यावर नाक मुरडतात. आधी माहीत असेल तर बघण्यात राम काय, असं त्यांचं म्हणणं. मी सरळ बघते. रेकची लिंक, म्हणजे एका रेकनं लागोपाठ करायच्या फेऱ्यांची साखळी, डोक्यात बसली की नुसतं वाट बघणं उरत नाही. सकाळी उत्तरेला ग्लासगोकडे गेलेला रेक संध्याकाळी लंडनकडे परतताना पुन्हा भेटणार, मँचेस्टरला स्टोकमार्गे गेलेला आज क्रूला फिरकणारच नाही, रात्री मँचेस्टरच्या लाँगसाइट डेपोत शिरलेला उद्या कुठल्या बाजूनं निघेल, हे हळूहळू उमगायला लागतं. अप म्हणजे राजधानीकडे, इथे लंडनकडे. ते मात्र कल्याणपासूनच पाठ होतं.

शेवटचे आठ-दहा क्रमांक अडकले. तेच तेच रेक पुन्हा पुन्हा यायचे. इंद्रधनुष्यी रंगांची ३९०११९ तर इतक्यांदा आली की तिच्याकडे पाठ फिरवून मी चहा प्यायची. कारण नंतर कळलं. त्या काळात सगळ्या पेंडोलिनोंचं आतून नूतनीकरण चालू होतं आणि एकेक रेक मर्सी नदीकाठच्या विडनेसच्या कारखान्यात जाऊन पडत होता. म्हणजे माझी यादी माझ्या हातात नव्हती, विडनेसच्या हातात होती. त्यात डिसेंबर. चार वाजता अंधार, बोटं बधिर, आणि डब्यांच्या उजळलेल्या खिडक्यांपुढे खालचा क्रमांक वाचणं कठीण. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगं, एवढं शिकून तिकडे गेलीस आणि फलाटावर उभी राहतेस? इथे काय गाड्या कमी होत्या?" मी फोन वळवून तिला समोरचं इंजिन दाखवलं. तिनं विचारलं, "हे एवढं आवाज का करतंय?"

ते ३७ क्लासचं डिझेल होतं. १९६० ते १९६५ या काळात बनलेल्या तीनशे नऊ इंजिनांपैकी एक. यातली बहुतेक इंग्लिश इलेक्ट्रिकच्या व्हल्कन फाउंड्रीत तयार झाली. क्रूहून उत्तरेला, वॉरिंग्टनच्या पुढे न्यूटन-ले-विलोज लागतं, तिथे हा कारखाना होता. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी ओढणारी इंजिनं याच व्हल्कन फाउंड्रीतून बोटीनं मुंबईला गेली होती. पुढे शंभर वर्षांनी डेक्कन क्वीन ओढणारी डब्ल्यूसीएम-१ इंजिनंही तिथलीच. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग थांब थोडा वेळ." बाबांनी त्या इंजिनांमागे किती वर्षं पुण्याला ये-जा केली, ते तिला माझ्यापेक्षा जास्त आठवतं.

उन्हाळ्यापर्यंत एकच क्रमांक उरला: ४४. फोनवर तो दिसला तेव्हा मी ऑफिसात होते आणि गाडी प्रेस्टन सोडत होती. अर्ध्या दिवसाची रजा मागितली, कारण खरं सांगितलं नाही. क्रूला पोहोचले तेव्हा आजोबा नेहमीच्या बाकावर. गाडी वेळेवर आली, थांबली, मी टोकापासून टोकापर्यंत चालत सगळे डबे वाचले. आजोबांनी पेन पुढे केलं, कारण रेघ शाईचीच हवी असा त्यांचा आग्रह. मग म्हणाले, "आता सहासष्ट घे."

६६ क्लास म्हणजे बहुतेक कॅनडात बनलेली मालगाड्यांची इंजिनं, साडेचारशेच्या आसपास. आणि क्रूला बऱ्याचशा मालगाड्या फलाटाकडे येतच नाहीत. स्टेशनच्या पश्चिमेकडून वेगळ्या रुळांवरून खालून निघून जातात. त्यासाठी दक्षिणेला बेसफर्ड हॉल यार्डाच्या बाजूला जागा शोधावी लागेल. शिवाय त्यातली काही इंजिनं फ्रान्स आणि पोलंडला गेली आहेत, हे मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.