टक्का आणि मुद्दल: रेडिएशननंतरच्या गोळीचा निर्णय

स्तनाच्या कर्करोगासाठी पुण्यात घेतलेले किरणोपचार संपवून मी सांगलीला परतले, तेव्हा घरात सर्वांची समजूत अशी होती की आता उपचार संपले. वन्संनी देवीच्या ओटीची तयारीही करून ठेवली होती. माझ्या फाइलमध्ये मात्र एक चिठ्ठी होती: लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, रोज एक गोळी, पाच वर्षे. ती चिठ्ठी मी तीन आठवडे औषधाच्या दुकानात नेली नाही. त्या तीन आठवड्यांविषयी लिहावेसे वाटते, कारण या टप्प्यावर थांबून विचार करणाऱ्या बाईला घरचे लोक हट्टी समजतात, आणि तिच्या मनातले खरे प्रश्न विचारायचे राहूनच जातात.

माझे वय ६१. गाठ १.६ सेंटिमीटरची होती, काखेतल्या तपासलेल्या ग्रंथी स्वच्छ निघाल्या, त्यामुळे स्तन राखून शस्त्रक्रिया झाली आणि केमोथेरपी लागली नाही. पॅथॉलॉजीच्या अहवालात इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन पकडणारे पेशीतले प्रथिन, ठळकपणे पॉझिटिव्ह होता आणि हर-टू हे पेशींची वाढ वाढवणारे दुसरे प्रथिन निगेटिव्ह. म्हणजे माझ्या गाठीच्या पेशी इस्ट्रोजेनच्या आधाराने वाढत होत्या.

लेट्रोझोलसारख्या गोळ्यांच्या उपचाराला 'हार्मोन थेरपी' म्हणतात, आणि हे नाव फार दिशाभूल करते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. पाळी गेल्यावर काही स्त्रियांना हार्मोनच्या गोळ्या देतात, तसलाच हा प्रकार असावा असे माझ्या धाकट्या जावेला वाटले आणि ती घाबरून म्हणाली, "वहिनी, हार्मोनमुळेच झालं म्हणतात, मग परत हार्मोन कशाला घेता?" प्रत्यक्षात उपचार अगदी उलटा आहे. पाळी गेल्यानंतरही शरीरात थोडे इस्ट्रोजेन तयार होत राहते, ते मुख्यतः चरबीत, अरोमॅटेज नावाच्या विकराच्या मदतीने. लेट्रोझोल त्या विकराला अडवते. याला हार्मोन-रोधक उपचार म्हटले असते, तर निम्मे गैरसमज टळले असते. याच काळात शेजारून प्रेमाने आलेला शतावरी कल्पाचा डबा मी डॉक्टरांना दाखवला. शतावरीत इस्ट्रोजेनसारखे घटक असू शकतात, म्हणून तो घेऊ नका, असे त्यांनी सांगितले.

माझा पहिला प्रश्न साधा होता: किरण घेतले, मग गोळी कशासाठी? डॉक्टरीणबाईंनी समजावले की किरण जिथे दिले तिथेच काम करतात, स्तनात उरलेल्या पेशींवर. पण एखादी पेशी आधीच रक्तावाटे दूर गेली असेल, तर तिथपर्यंत पोहोचते ती गोळी, आणि दुसऱ्या स्तनात नवी गाठ होण्याची शक्यताही तीच कमी करते. या प्रकारच्या कर्करोगाची एक खोड अशी की तो पाच वर्षांनंतर, कधी पंधरा-वीस वर्षांनीही परत येऊ शकतो.

दुसरा प्रश्न फायद्याचा होता, आणि तिथे माझी सहकारी बँकेतली एकतीस वर्षांची नोकरी उपयोगी पडली. टॅमॉक्सिफेन हे याच उपचारातले जुने औषध पाच वर्षे घेतल्यास पहिल्या पंधरा वर्षांतले स्तनकर्करोगाचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये लेट्रोझोलच्या गटातली औषधे त्याहून थोडी सरस ठरतात. एक तृतीयांश हा आकडा मोठा वाटतो. पण तो व्याजाच्या दरासारखा आहे. मुद्दल किती ते कळल्याशिवाय रक्कम कळत नाही. शंभरातल्या तीस जणींना धोका असेल तर दहा वाचतात, आणि सहा जणींना असेल तर दोन. मी विचारले, "बाई, माझं मुद्दल किती?" त्यांनी केंब्रिजमध्ये तयार झालेले प्रेडिक्ट नावाचे गणकयंत्र संगणकावर उघडले, माझे वय, गाठीचा आकार, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात ती श्रेणी) वगैरे भरले आणि पडदा माझ्याकडे वळवला. गोळीमुळे जीव वाचण्याचा फायदा शंभरात दोन-तीन जणींचा दिसत होता. आजार परत न येण्याचा फायदा त्याहून मोठा आहे, असे त्या म्हणाल्या. काही आठवडे विचार केल्याने नुकसान होणार नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितले, आणि त्या एका वाक्याने माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

दोन-तीन हा आकडा घेऊन मी घरी आले आणि अडकले ती हाडांपाशी. माझी आई चौऱ्याहत्तराव्या वर्षी न्हाणीघरात पडली, खुब्याचे हाड मोडले आणि पुढचे आठ महिने ती अंथरुणातून उठली नाही. तिची सेवा मी केली आहे. लेट्रोझोलने हाडे विरळ होतात हे वाचल्यावर मला कर्करोगापेक्षा ते न्हाणीघरच जास्त दिसू लागले. हाडांची घनता मोजणाऱ्या माझ्या डेक्सा तपासणीत कण्याचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे १.९ होता, म्हणजे हाडे विरळ व्हायला लागलेली, पण ऑस्टिओपोरोसिसच्या उणे २.५ या रेषेच्या अलीकडे. मुलगी म्हणाली, "आई, आजीची हाडं कुणी मोजलीच नव्हती. तुझी मोजली आहेत." मला हे पटायला दोन दिवस लागले.

पर्याय म्हणून टॅमॉक्सिफेनचाही विचार झाला. १९६२ साली इंग्लंडमध्ये हे औषध संततिनियमनासाठी तयार झाले, त्या कामी ते निरुपयोगी ठरले, आणि पुढे याच आजारात त्याने असंख्य स्त्रियांना आयुष्य दिले. पाळी गेलेल्या बाईची हाडे ते उलट जपते. त्याचा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका मला लागू नव्हता, कारण माझी पिशवी छेचाळिसाव्या वर्षीच काढलेली आहे. मात्र त्याने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, आणि बहिणीला पायात गुठळी झालेली असल्यामुळे डॉक्टरीणबाईंनी ते पहिल्या पसंतीला ठेवले नाही.

शेवटी मी पाच वर्षांचा निर्णय घेतलाच नाही. तीन महिन्यांचा घेतला. लेट्रोझोल सुरू करायचे, सोबत कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व, सहा महिन्यांतून एकदा शिरेतून झोलेड्रोनिक ॲसिड हे हाडे जपणारे औषध, आणि ते देण्याआधी दातांची तपासणी, कारण त्या औषधाने क्वचित जबड्याच्या हाडाला इजा होते. या गोळीने सांधे दुखू शकतात; ते असह्य झाले तर याच गटातले दुसरे औषध, आणि तेही न जमल्यास टॅमॉक्सिफेन. हे सगळे मी वहीत तारखेसह लिहिले आणि डॉक्टरीणबाईंना दाखवून घेतले.

आता पाचवा महिना चालू आहे. सकाळी बोटे आखडतात, कणीक मळायला घेण्याआधी हात कोमट पाण्यात धरावे लागतात, आणि रात्री मधूनच अंगातून वाफा निघाल्यासारखे होते. संध्याकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालून आले की गुडघे खरोखर मोकळे होतात. न चालल्याच्या दिवशी फरक लगेच जाणवतो. तीन महिन्यांनंतर मी पुढच्या तीन महिन्यांचा होकार दिला. येत्या भेटीत कोलेस्टेरॉलचा अहवाल न्यायचा आहे, आणि बोटांसाठी गोळी सकाळऐवजी रात्री घेऊन पाहावी का, हे विचारायचे आहे.