बाबांच्या डबड्यावर मिंट

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आमच्या सदाशिव पेठेतल्या घरातला जुना डेस्कटॉप अधांतरी लटकला. त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणजे विंडोज ११ अधिकृतपणे बसणार नाही. बाबा म्हणाले, "अरे, चालतंय की! नवीन कशाला?"

मग तापकीर गल्लीतून पेनड्राइव्ह आणला. पहिल्यांदा विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स प्रणाली लावून पाहिली. चांगली आहे, पण ४ जीबी रॅमवर धापा टाकत होती, आणि डावीकडची उभी पट्टी बघून बाबांचा चेहरा पडला. त्यांना 'स्टार्ट' खालीच हवं. मग लिनक्स मिंट या दुसऱ्या लिनक्स प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवरूनच, काही इन्स्टॉल न करता, दाखवली. मेनू खाली डावीकडे! बाबा खुर्ची ओढून बसले.

खरी परीक्षा मराठी टायपिंगची. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी जोडली, त्यांनी 'के' दाबलं, 'क' उमटला. सोसायटीच्या नोटिशीचा मसुदा वर्डसारख्या लिब्रेऑफिसमध्ये लगेच सुरू. (मसुदा अर्थात पार्किंगवरून.)

प्रिंटर मात्र अजून रुसलाय. रविवारी बघतो.