गोधडीची पट्टी आणि कमी पडलेले १७ इंच

"गोधडी झाली, आता फक्त कडेची पट्टी राहिली," असं मी डिसेंबरच्या मध्यावर घरात ज्याला त्याला सांगत सुटले होते. लेक संक्रांतीला पुण्याहून येणार, जाताना गोधडी घेऊन जाणार, असं ठरलेलं. त्या 'फक्त'ला अकरा दिवस लागले. अख्ख्या गोधडीत जेवढं उसवलं नव्हतं तेवढं त्या पट्टीत उसवलं.

गोधडी तशी साधीच. वर जुन्या सुती कपड्यांचे चौकोन, मध्ये सासूबाईंची दोन विटलेली लुगडी, खाली एक पातळ चादर. ६० इंच बाय ९० इंच. हाताने धावदोरा घालायला तीन महिने गेले होते. मग मी चारी कडा मीटरपट्टी लावून सरळ कापून घेतल्या आणि मोठ्या कौतुकाने सासूबाईंना दाखवल्या. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अवं, कापलं काहून? वरचं कापड चार बोटं मोठं ठेवाचं अन् आत मुडपून टाकाचं. पट्टी कायले लागते?"

आई, म्हणजे सासूबाई, काटोलकडच्या. त्यांच्याकडे गोधडी कडेपासूनच सुरू होते: आधी चारी बाजू आत मुडपायच्या, मग कडेकडेने टाके घालत मधोमध यायचं. पट्टी नावाची भानगडच नाही. माझं उलटं झालं होतं. मी मधून सुरुवात करून कडेला पोचले होते आणि आता कड सपाट कापून बसले होते. मुडपायला कापडच उरलं नव्हतं. शिवाय आईंची स्वतःची गोधडी मी रोज बघत होते. मधले टाके अजून शाबूत, पण कडेला दुमड झिजून आतलं लुगडं डोकावत होतं. ओढताना, पांघरताना, धुताना सगळा जोर कडेवरच येतो. वेगळी पट्टी लावली असली की झिजल्यावर तेवढीच उसवून बदलता येते. हे मी आईंना सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या. त्यांच्या 'हं'चे आमच्या घरी बरेच अर्थ होतात.

आता हिशोब. गोधडीचा घेर ६० अधिक ९०, दुणे ३००. कोपरे आणि शेवटचा जोड यासाठी १२ इंच जास्त, म्हणजे ३१२ इंच लांब पट्टी. रुंदी अडीच इंच, कारण ती लांबीत मधोमध दुमडून दुहेरी लावायची. ४४ इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडातून किनारी सोडून ४२ इंचांची एक पट्टी निघते. अशा ८ पट्ट्या जोडायच्या. तिरक्या जोडात दर वेळी अडीच इंच जातात, सात जोडांचे साडेसतरा. उरले ३१८ आणि वर अर्धा. जमतंय. ८ पट्ट्यांना कापड लागेल २० इंच, म्हणजे अर्धा मीटरच्या किंचित वर. मी वहीत "६० सेमी" असं लिहून त्याभोवती गोल काढला आणि गांधीबागेच्या कापडबाजारात गेले.

नागपुरात कापड हिंदीतच विकत मिळतं. मरून रंगाचं छान दाट सुती कापड मिळालं. "साठ सेंटीमीटर काट दो भैया." त्याने माझ्याकडे पाहिलं, "इतना ही?" म्हणाला, मी तोऱ्यात "हो, इतना ही," म्हटलं. त्या बिचाऱ्याने बहुतेक सुचवायचा प्रयत्न केला होता. येताना इतवारीतून मरून रिळं आणि १६ नंबरच्या सुया घेतल्या. नेहमीची १४ नंबरची सुई एवढ्या थरांतून जाताना वाकते, हे आधीच एक सुई घालवून कळलं होतं.

कापड रात्रभर बादलीत भिजत घातलं. नवं सुती कापड आटतं, आणि गडद लाल-मरून रंग सुटतो, म्हणून पट्टी कापायच्या आधी धुणं भागच आहे. पहिलं पाणी बीटरूटच्या रसासारखं. तिसऱ्या पाण्यानंतर पांढरा ओला रुमाल घासून पाहिला, डाग आला नाही, तेव्हा वाळत टाकलं. इस्त्री करून टेबलावर पसरलं आणि टेप लावला. पन्हा ३६.

पन्हा विचारलाच नव्हता! आटून उरलेल्या कापडातून अडीच इंचांच्या जेमतेम ९ पट्ट्या निघणार होत्या, किनारी काढून प्रत्येकी ३५ इंचांच्या. ३१५ वजा आठ जोडांचे २०. हातात २९५ इंच. गोधडीचा नुसता घेर ३००. म्हणजे कड झाकायलाच ५ इंच कमी आणि सगळं धरून १७. पुन्हा तेच कापड आणायचं तर गांधीबागेतली गर्दी आणि तोच भैया. मी ते दोन दिवस तसंच ठेवून दिलं.

त्या दोन दिवसांत बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्यात लक्ष घातलं. बाबा एम्प्रेस मिलच्या विणाई खात्यात होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती मिल. आता त्या जागेवर मॉल आहे आणि बाबा काही त्या मॉलच्या पायऱ्या चढत नाहीत. मी त्यांना विचारलं की व्हिडिओत काही जणी पट्टी उरेब, म्हणजे तिरकी, कापायला सांगतात, काही सरळ, तर खरं काय. त्यांनी कापडाचा तुकडा दोन्ही हातांच्या चिमटीत धरला. आधी लांबीत ओढला: ढिम्म. मग आडवा ओढला: किंचित दिला. मग कोपऱ्यातून तिरका ओढला, तर तो रबरासारखा लांबला आणि मधून निमुळता झाला.

"हे पाय बेटा. उभा धागा मागावर ताणून बसवलेला असते, तो हलत नाही. आडवा थोडा देते. तिरक्याले आधारच नाही. तुझी कड सरळ हाये नं? मंग उरेब कायले? कोपरे गोल असते तर गोष्ट वेगळी." मी पट्ट्या पन्ह्यातून आडव्या कापल्या, तेवढीच जराशी लवचीक. उरेबला कापडही जास्त लागलं असतं, आणि कापडाची माझी श्रीमंती तुम्ही वर वाचलीच आहे.

कमी पडलेल्या १७ इंचांचा तोडगा आईंनी काढला. तुकड्यांच्या पिशवीतून बाबांच्या जुन्या निळ्या चौकटीच्या शर्टाची पाठ ओढून काढली. "हे लाव मधात. दिसू दे दिसते तर." २० इंचांचा तुकडा, आणखी एका जोडात अडीच गेले. ३१२ आणि वर अर्धा इंच. इतका काटेकोर हिशोब मी बँकेच्या नोकरीतही कधी केला नसेल.

जोड तिरका का, तर सरळ जोड घातला की दुहेरी पट्टीत त्या एकाच ओळीवर कापडाच्या सगळ्या घड्या येतात आणि बोटाला गाठ लागते. तिरक्यात तो जाडपणा पसरतो. दोन पट्ट्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून काटकोनात एकमेकींवर आडव्या टाकायच्या, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टीप मारायची, पाव इंच ठेवून बाकी कापायचं आणि जोड इस्त्रीने दोन्हीकडे उघडून दाबायचा. वाचायला सोपं आहे. चौकोनाला तिरप्या रेघा दोन असतात, हे मला तिसऱ्या जोडाला कळलं. चुकीच्या रेघेवर टीप मारली की पट्टी उलगडल्यावर सरळ न जाता कोपरासारखी वळते. त्यानंतर मी दर जोडाला आधी टाचणी लावून उलगडून पाहायला लागले, मगच टीप.

सगळी पट्टी लांबीत दुमडून इस्त्री केली आणि वर्तमानपत्राच्या गुंडाळीवर गुंडाळून ठेवली.

आता लावायची. दुमडलेल्या पट्टीच्या दोन्ही उघड्या कडा गोधडीच्या कडेला लागून, सुलट बाजूने, आणि सुरुवात कोपऱ्यावर न करता एका बाजूच्या मध्यावर. आधीची ८-१० इंच पट्टी मोकळी सोडायची. मी मशीनवर बसले आणि पहिली ९० इंचांची बाजू एका दमात मारली. छान वाटलं. उचलून पाहिलं तर कड वाटीच्या काठासारखी आत वळलेली. पट्टी सरळ राहावी म्हणून मी ती डाव्या हाताने ताणत होते; टीप संपल्यावर पट्टी आपल्या मूळ लांबीवर परत आली आणि गोधडीला सोबत घेऊन आली. जुन्या ब्लेडने ९० इंच उसवायला 'साडेनऊच्या बातम्या ते झोप' एवढा वेळ लागतो.

दुसऱ्या खेपेला उलटं झालं. मशीनचा पाय वरच्या थराला अडवत होता, खालचे दाते चादर ओढून नेत होते, आणि वर चुण्या. आमच्या गल्लीत पिको-फॉल करणाऱ्या काकू आहेत, त्यांना हाक मारली. त्यांनी तीन गोष्टी केल्या. गोधडीच्या कडेला चारी बाजूंनी हाताने लांब धावदोरा घालायला लावला, म्हणजे थर आपसात सरकणार नाहीत. मशीनच्या वरचा, पायाचा दाब ठरवणारा स्क्रू थोडा सैल केला. टाका लांब केला. आणि जाता जाता खुर्चीच्या शेजारी एक स्टूल ठेवून गोधडीचं ओझं त्यावर टाकलं: "वजन लटकून राहिलं तर सुई वाकडी चालणारच ना." या चौथ्या गोष्टीचा सगळ्यात जास्त फरक पडला.

कोपरे. याला मी सगळ्यात घाबरत होते आणि हेच सगळ्यात आधी जमलं, कारण आधी वर्तमानपत्राच्या पट्टीवर पाच-सहा वेळा घडी घालून पाहिली होती. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबायचं, म्हणजे कडेपासून टीप जेवढी आत आहे तेवढंच अंतर. उलट टाका मारून गोधडी मशीनमधून काढायची. पट्टी सरळ वर, गोधडीच्या बाहेर दुमडायची. खाली तिरपी घडी पडते. मग ती तिरपी घडी तशीच बोटाखाली दाबून पट्टी पुन्हा खाली, पुढच्या कडेला लावून आणायची. वरची आडवी घडी गोधडीच्या वरच्या कडेशी तंतोतंत. तिथून पुन्हा टीप. आत एक छोटा त्रिकोण दडून राहतो, तो पट्टी मागे वळवल्यावर उलगडतो आणि कोपऱ्यात आपोआप तिरपी रेघ उमटते. पाव इंच आधी न थांबता शेवटपर्यंत टीप मारली, तर तो त्रिकोण अडकतो आणि कोपरा बोथट होतो. चारांतला एक माझा तसा झालाय. कुठला ते सांगणार नाही.

शेवटचा जोड मात्र मी आयुष्यभर विसरणार नाही. सुरुवातीचं टोक आणि शेवटचं टोक एकमेकांवर बरोबर अडीच इंच, म्हणजे पट्टीच्या मूळ रुंदीएवढं ठेवून कापायचं आणि तसाच तिरका जोड द्यायचा. पण आता पट्टी दोन्हीकडून गोधडीला बांधलेली, मांडीवर चार किलोंचं गाठोडं, आणि टोकं जोडायची हवेत. पहिल्यांदा पट्टीला पीळ पडला. उसवलं. दुसऱ्यांदा पुन्हा पीळ, दुसऱ्या बाजूने. मग मुलाने गोधडी मधून दुमडून चिमट्याने बांधून दिली, टोकांना ढील मिळाली, आणि तिसऱ्यांदा बसला.

मग उरली हातशिलाई. पट्टी मागे वळवायची, मशीनची टीप झाकेल एवढी ओढायची आणि हेम घालायची. गोधडीसाठीचे खास चिमटे मिळतात म्हणे. मी लेकीच्या जुन्या टिकटॅक पिना लावल्या. त्या सुंदर पकडतात. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता होतो. सुई मागच्या फक्त एका थरातून काढायची, सुलट बाजूला टाका दिसता कामा नये. इंचाला चार टाके धरले तर ३०० इंचांना १२०० टाके. रोज जेवणानंतर टीव्हीसमोर, गोधडी मांडीवर घेऊन. नागपूरची थंडी आणि शिवता शिवता मिळणारी ऊब, एवढा एक भाग मला लांबला तरी चालला असता.

इथे एक चूक कळली ती आता दुरुस्त होण्यासारखी नव्हती. लुगड्यांच्या घड्या जिथे जाड आहेत तिथे अडीच इंचाची पट्टी मागे जेमतेम टिपेपर्यंत पोचली. पातळ रजईला अडीच पुरते. आपल्या गोधडीला पावणेतीन हवी.

लेक आली, गोधडी उघडली, आणि तिला पहिला दिसला तो निळा चौकटीचा तुकडा. "हा आबांचा शर्ट ना?" बाबा पेपर वाचत होते ते वाचतच राहिले. आईंनी कोपरा अंगठ्याखाली धरून उलटसुलट पाहिला, नखाने टाके चाचपले. नेमका तो बोथट कोपरा. "हं," म्हणाल्या.

लेक पुण्याला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मशीनवर आईंची गोधडी घडी करून ठेवलेली होती, झिजलेली कड वर. मी टेप काढला. ७२ बाय ९०.

"साठ सेंटीमीटर ना मॅडम?" भैयाने ओळखलं होतं.

"पहले पन्हा बोलो."

"छत्तीस."

"एक मीटर."