पोराला काय ओ अक्का?

रविवार, रात्री साडेदहा.

"पोराला काय ओ अक्का?" सायकलच्या दुकानदारानं विचारलं आणि मी "हो" म्हणून मोकळी झाले. दुपारपासून तो "हो" घशात अडकलाय.

त्यानं हाइट विचारली. सांगितली, पाच-दहा. पोराची खरीच. मग त्यानं १९ इंची फ्रेम पुढ्यात उभी केली, मागच्या शॉकअपवर दोनदा जोर देऊन दाखवला, "पोरांना हेच लागतं बघा." मी पाच फूट दोन. दांड्यावरून पाय टाकून बघायचा धीरच झाला नाही. "त्यालाच घेऊन येते" म्हणून पायऱ्या उतरले. कुठून घेऊन येणार? तो तिकडे... जाऊ दे.

चार महिने वाचतेय मी. स्वस्तातल्या सायकलीला मागचा शॉकअप म्हणजे नुसतं वजन, चढाला पायातला जोर तोच खातो. पुढचं सस्पेन्शन पुरे. ब्रेक मात्र डिस्कच हवेत. येळ्ळूरच्या शिवारातला चिखल रिमला लागला की रबरी ब्रेक घसरतात. डिस्क चाकाच्या मधोमध, तिथवर चिखल कमी पोचतो. सगळं ओठांवर होतं. एक वाक्य बोलले नाही. का? दुकानात तिसरं कुणी नव्हतंसुद्धा. ह्यांनी परवा विषय निघाल्यावर फक्त पेपरचं पान उलटलं होतं, तेच आठवलं का?

का म्हणून "मला" हा एवढासा शब्द निघू नये?

लहानपणी दादाच्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून हाफ पेडल मारायची. पुढे ह्यांची. आजवर चालवली ती प्रत्येक सायकल दुसऱ्याच्या मापाची. आज पैसे माझे होते, तरी मी दुसऱ्याचंच माप सांगून आले.

जेवणं झाल्यावर भिंतीला पाठ लावून अनवाणी उभी राहिले, पायांत जाड वही घट्ट वर धरली. टेपचं खालचं टोक धरायला ह्यांना हाक मारली. कशाला म्हणून विचारलं नाही त्यांनी. खाली बसून टोक नीट फरशीला टेकवलं, मग उठून चष्मा लावून आकडा वाचला. "बहात्तर." परत एकदा वाचला.

७२ सेंटीमीटर. दांडा त्याहून दोन इंच तरी खाली हवा. म्हणजे १५ इंची फ्रेम, फार तर १६. चाक २७.५ इंची. चिठ्ठी पर्समध्ये टाकलीय, सगळ्यात वर लिहिलंय, "मला."

उद्या शाळा सुटली की तिसऱ्या रेल्वे गेटवरून तशीच दुकानात जाईन. १५ ची नसेल तर मागवायला सांगेन. पाऊस उघडेपर्यंत आली तरी चालेल, राजहंसगडाच्या चढाला तोवर चिखलच असतो.